प्रश्नाला हात लावायचा आणि पुढे सरकायचं

मास मीडिया शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय की निवडणुकीच्या टीव्ही डिबेटमध्ये नेते सरळ उत्तर देतच नाहीत, तरी जिंकल्यासारखे कसे काय वाटतात, हे त्यांना कोणी शिकवतं का, आणि बघणाऱ्याने नेमकं काय बघायचं.

शिकवतात की. मीच शिकवतो, त्याचे पैसे घेतो. आधी नऊ वर्षं एका न्यूज चॅनेलच्या पीसीआरमध्ये (प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये) होतो, म्हणजे संध्याकाळच्या चर्चेत सहा खिडक्यांपैकी कुठली मोठी करायची आणि अँकरच्या कानात 'सर, ब्रेक, दहा सेकंद' कोणी ओरडायचं, ते काम. गेली अकरा वर्षं प्रवक्ते आणि उमेदवारांना कॅमेऱ्यासमोर बोलायचं ट्रेनिंग देतो. सगळ्या पक्षांचे येतात, त्यामुळे कुणाची बाजू घेणं मला धंद्यालाच परवडत नाही.

आधी एक सांगतो, आपल्याकडे रोज रात्री जी चालते ती प्रवक्त्यांची खडाजंगी, उमेदवारांची डिबेट नाही. 2024 च्या लोकसभेला निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर आणि ए. पी. शाह आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी दोघांनाही पत्र लिहून जाहीर डिबेटला बोलावलं होतं, राहुल गांधी हो म्हणाले, पण डिबेट काही झाली नाही. म्हणून क्लासमध्ये मी सगळी उदाहरणं अमेरिकेची घेतो, थोडी इंग्लंड-फ्रान्सची. त्यांचं 1960 पासूनचं रेकॉर्डिंग बघायला मिळतं आणि निकाल काय लागला तेही माहिती असतं.

आता मूळ मुद्दा. त्या दीड तासात उत्स्फूर्त असं जवळपास काही नसतं. वाक्यं घरून बांधून आणलेली असतात, शिदोरीसारखी. कसब आहे ते ही शिदोरी सोडायची कधी आणि कुठे, आणि सोडताना आत्ताच सुचलं असा चेहरा कसा ठेवायचा, एवढंच. बाकीचे सगळे डावपेच याच्याच आजूबाजूला फिरतात.

प्रश्नाला बगल देणं हा पहिला धडा. नवखा माणूस काय करतो, प्रश्न आवडला नाही की 'तो मुद्दाच नाहीये' म्हणतो, आणि तिथेच पकडला जातो. मी शिकवतो की प्रश्नाला आधी हात लावा. म्हणजे विचारलं पाण्याचं, तर 'पाणी हा माझ्या माताभगिनींच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे, मी तो नाकारणारच नाही, पण तो का निर्माण झाला याच्या मुळाशी जायला हवं', आणि एकदा मुळाशी गेलात की तिथून कुठेही निघता येतं, समोरच्याच्या काळातला भ्रष्टाचार म्हणा, तुमची नवी योजना म्हणा, काहीही. प्रश्नातला एक शब्द उत्तराच्या पहिल्या वाक्यात आला पाहिजे बस, ऐकणाऱ्याचं समाधान होतं. हे माझं नुसतं मत नाही बरं का, हार्वर्डच्या टॉड रॉजर्स आणि मायकल नॉर्टन यांनी 2011 मध्ये यावर संशोधन छापलं. विचारलेल्या प्रश्नासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट आत्मविश्वासाने दिलं तर बऱ्याच लोकांना बगल दिल्याचं कळतच नाही, मूळ प्रश्न काय होता तेही धड आठवत नाही. पण उत्तर चालू असताना प्रश्न स्क्रीनवर लिहून ठेवला की लोक पकडतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या चॅनेलची खालची पट्टी आठवली. त्या पट्टीवर आम्ही प्रश्न सोडून जगातलं बाकी सगळं चालवायचो.

दुसरा डाव, आपली दुखरी बाजू आपणच उघडून दाखवायची. याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे 21 ऑक्टोबर 1984, कॅन्सस सिटी. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन 73 वर्षांचे, समोर त्यांचे प्रतिस्पर्धी मॉन्डेल 56 चे. दोन आठवड्यांपूर्वी लुईव्हिलच्या पहिल्या डिबेटमध्ये रेगन अडखळले होते, चाचपडले होते आणि सगळीकडे वयाची चर्चा सुरू झाली होती. प्रश्न येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तो आलाच, बाल्टिमोर सनच्या पत्रकाराने विचारलं की क्युबाच्या पेचप्रसंगात केनेडींना दिवसचे दिवस नीट झोप नव्हती, तसं काही झालं तर तुम्हाला झेपेल याबद्दल तुमच्या मनात शंका आहे का. रेगन म्हणाले अजिबात नाही, आणि या प्रचारात मी वयाचा मुद्दा करणार नाही, माझ्या प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचा मी राजकीय फायद्यासाठी वापर करणार नाही.

आता हे वाक्य सुटं करून बघा. शंका आहे का, याचं उत्तर 'अजिबात नाही' एवढ्यातच उरकलं. प्रश्न रेगनच्या वयाचा होता, वाक्य संपेपर्यंत तो मॉन्डेलच्या वयाचा झाला. 56 वर्षांच्या, उपाध्यक्षपद भोगलेल्या माणसाला तरुण आणि अननुभवी म्हटलं, तेही मोठ्या मनाने, 'मी हे बोलणार नाही' म्हणत म्हणत बोलून घेतलं. आणि खरी मेख पुढे आहे, मॉन्डेल हसले. मनापासून हसले, कॅमेऱ्याने ते टिपलं. पीसीआरमध्ये बसलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरं काही नको असतं, जो बोलतोय तो नाही, ज्याला लागलंय त्याचा चेहरा हवा असतो. मॉन्डेलनी पुढे स्वतः सांगितलंय की निवडणूक हातची गेली हे आपल्याला तिथेच कळलं. मला तर वाटतं त्या हसण्यामुळे त्यांचं जास्त नुकसान झालं, कारण समोरचाच हसला म्हणजे लोकांना हसायला, आणि वयाचं विसरून जायला, परवानगीच मिळाली.

याच रेगनचं 1980 चं वाक्यही मी दर बॅचला घेतो. 28 ऑक्टोबर, क्लीव्हलँड, मतदानाला फक्त एक आठवडा राहिलेला, तेव्हाचे अध्यक्ष कार्टर समोर. कार्टर आकडे आणि बारकावे घेऊन आलेले. मेडिकेअरवरून, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यावरून, ते हल्ला करत होते तेव्हा रेगन हसून नुसतं म्हणाले, 'झालं, पुन्हा सुरू झालं तुमचं', आणि कार्टरच्या सगळ्या मुद्द्यांतली हवाच गेली. शेवटच्या भाषणात तर त्यांनी दाव्यांच्या आधी लोकांनाच विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का, दुकानात वस्तू घेणं सोपं झालंय का. महागाई तेरा टक्क्यांच्या वर होती. दावा केला की समोरचा खोडतो, पण प्रश्न विचारला की उत्तर प्रेक्षक स्वतःच्या घरात, स्वतःच्या आवाजात देतो, ते कोण खोडणार. तेव्हापासून जगभर लोक हे वाक्य चोरतायत, आपल्याकडे पण 'पाच वर्षांत तुमच्या आयुष्यात काय बदललं' ऐकलं की समजायचं कुठून आलंय ते.

आता बांधून आणलेलं वाक्य फसतं कसं ते बघू, कारण तिथे जास्त शिकायला मिळतं.

पण त्याआधी, नीट बसलं की काय होतं ते. 5 ऑक्टोबर 1988 ला ओमाहात ते दिसलं. उपाध्यक्षपदाची डिबेट, बुश यांचे जोडीदार उमेदवार क्वेल विरुद्ध डेमोक्रॅट बेन्टसन. तरुण क्वेल प्रचारात सारखे म्हणायचे की माझा संसदेतला अनुभव माजी अध्यक्ष जॉन (जॅक) केनेडींइतकाच आहे. बेन्टसनच्या लोकांनी हे हेरून ठेवलं होतं, आणि क्वेलच्या लोकांनी क्वेलना बजावलं होतं की डिबेटमध्ये तेवढं केनेडींचं नाव काढू नका. त्यांनी काढलं. बेन्टसन शांतपणे म्हणाले, मी जॅक केनेडींबरोबर काम केलंय, मी त्यांना ओळखत होतो, ते माझे मित्र होते, सिनेटर, तुम्ही जॅक केनेडी नाही. तीन छोटी वाक्यं पायऱ्यांसारखी आणि चौथं वाक्य म्हणजे खाली दिलेला धक्का. हॉलमध्ये दंगा झाला, क्वेल एवढंच म्हणू शकले की हे बोलायची गरज नव्हती. (निवडणूक मात्र क्वेल आणि बुश जिंकले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला असं एक वाक्य हवं असतं आणि त्याला वाटतं त्यावर सीट निघेल.)

उलटं उदाहरण मार्को रुबिओंचं. फेब्रुवारी 2016, न्यू हॅम्पशायर, रिपब्लिकन पक्षातलीच डिबेट. ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही हा गैरसमज काढून टाका, त्यांना नीट कळतंय, असं पाठ केलेलं वाक्य रुबिओंनी म्हटलं. त्यांचे प्रतिस्पर्धी ख्रिस क्रिस्टी म्हणाले की हे पाठांतर आहे, यांना पंचवीस सेकंदांचं भाषण पाठ आहे. यावर रुबिओंनी काय करावं? तेच वाक्य परत म्हटलं. क्रिस्टी प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, बघा, हेच ते. लोकांना तयारीचा राग नसतो, तयारी उघडी पडली की ते हसतात. रुबिओ त्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पाचवे आले. क्रिस्टी सहावे आले आणि घरी गेले, म्हणजे शिकार करणाऱ्याच्या पानातही काही पडलं नाही.

माझ्या हातून पण असं झालंय. एका नगरपरिषदेची निवडणूक, लोकल केबलवाल्याने मंगल कार्यालयात दोन उमेदवारांची समोरासमोर चर्चा ठेवली होती. समोरचा प्रत्येक सभेत 'मी या मातीतला माणूस आहे' म्हणायचा, हमखास. म्हणून मी आमच्या उमेदवाराला वाक्य बांधून दिलं: 'मातीतले आहात खरे, म्हणूनच तुमच्या वॉर्डात अजून डांबर पोचलं नाही.' आरशासमोर पन्नास वेळा घोटून घेतलं, कुठे थांबायचं, कुठे बघायचं सगळं. त्या दिवशी समोरच्याने मातीचं नावच काढलं नाही. पाच मिनिटं गेली, वीस गेली, आमचा माणूस खुर्चीत नुसता चुळबुळ करतोय, मी मागून मानेने नको नको म्हणतोय. पस्तिसाव्या मिनिटाला विषय होता पथदिव्यांचा आणि आमच्या माणसाच्या तोंडून सुटलंच, 'तुम्ही मातीतले आहात खरे...' समोरचा भाबडेपणाने म्हणाला, 'मी कुठे म्हटलं?' अख्खं कार्यालय फुटलं. केबलवाला दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा फिरवत होता. तेव्हापासून मी वाक्याबरोबर हेही लिहून देतो की अमुक शब्द समोरून आला नाही तर हे वाक्य खिशात घेऊन घरी यायचं.

आकडा आधी जाहीर करणं पण असंच दुधारी. 'तीन मुद्दे सांगतो' म्हटलं की बोलणारा पक्का वाटतो, अँकर मध्ये तोडायला कचरतो, तिसरा येईपर्यंत माईक तुमचा. पण तिसरा आठवला पाहिजे ना! नोव्हेंबर 2011 मध्ये रिपब्लिकन पक्षातल्या डिबेटमध्ये टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी म्हणाले मी सत्तेत आलो की तीन खाती बंद करणार, वाणिज्य, शिक्षण, आणि... तिसरं काही केल्या आठवेना, बराच वेळ चाचपडून शेवटी 'ऊप्स' म्हणाले. ते खातं होतं ऊर्जा. 2017 मध्ये ट्रम्पनी त्यांना मंत्री केलं ते नेमकं ऊर्जा खात्याचंच.

डिवचणं, हा आजकालचा सगळ्यात चालणारा डाव. 10 सप्टेंबर 2024, फिलाडेल्फिया, हॅरिस आणि ट्रम्प. प्रश्न स्थलांतर आणि सीमेचा, म्हणजे ट्रम्प यांचं हक्काचं मैदान. हॅरिस थोडं सीमेबद्दल बोलल्या आणि शेवटी सहज म्हणाल्या की तुम्ही एकदा यांच्या सभेला जाऊनच बघा, लोक कंटाळून, थकून लवकर निघून जातात. हे उत्तर नव्हतंच, गळ होता. अँकरने ट्रम्पना सीमेच्या विधेयकाबद्दल विचारलं तर ते म्हणाले, आधी मला सभांबद्दल बोलू द्या. आणि तिथून गाडी ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक तिथल्यांची कुत्री खातात इथपर्यंत गेली, अँकरला तिथल्या तिथे सांगावं लागलं की याला आधार नाही. स्वतःच्या सगळ्यात मजबूत विषयावरचा वेळ त्यांनी गर्दी मोजण्यात घालवला. दोन महिन्यांनी निवडणूक त्यांनीच जिंकली ही गोष्ट वेगळी, पण ती रात्र हॅरिस यांची होती यावर या धंद्यातल्या बहुतेकांचं एकमत आहे. कुणाला कशाने डिवचता येतं हे शोधणं म्हणजे माझं अर्धं काम. वजन, शिक्षण, बापाचं नाव, गर्दी, प्रत्येकाचं एक असतंच.

री ओढणं मात्र टाळावं. 1960 च्या केनेडी-निक्सन डिबेटमध्ये टीव्हीवर निक्सन घामेजलेले आणि फिके दिसले, ती घामाची आणि मेकअपची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं हे पण सगळे सांगतात, ज्या सर्व्हेवरून सांगतात तो फारच छोटा होता, त्यामुळे त्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. मी मुलांना निक्सनचं सुरुवातीचं भाषण ऐकवतो. त्यात ते जवळजवळ पहिल्याच वाक्यात म्हणतात की सिनेटर केनेडी जे बोलले त्यातल्या बऱ्याच गोष्टींशी आपण सहमत होऊ शकतो. संपलं! सभ्य दिसायला गेले आणि समोरच्याला पुढारी करून बसले. पन्नास वर्षांनी, एप्रिल 2010 मध्ये, ब्रिटनच्या पहिल्या टीव्ही डिबेटमध्ये तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी तेच केलं, 'निकशी मी सहमत आहे' हे इतक्यांदा आलं की ते त्या निवडणुकीचं घोषवाक्यच झालं. हे निक म्हणजे तिसऱ्या पक्षाचे, लिबरल डेमोक्रॅट्सचे, नेते निक क्लेग. ते कॅमेऱ्यात बघून बोलत होते, प्रश्न विचारणाऱ्याला नावाने हाक मारत होते, रातोरात स्टार झाले, आणि निकालात त्यांच्या पक्षाच्या सीट पाचने घटल्या.

हाक कशी मारता यात सुद्धा डाव असतो. 1988 ला फ्रान्समध्ये मित्तराँ राष्ट्राध्यक्ष आणि शिराक पंतप्रधान, दोघंही राष्ट्राध्यक्षपदाला उभे. शिराक म्हणाले आज रात्री आपण दोन समान उमेदवार आहोत, मी पंतप्रधान नाही, तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, मी तुम्हाला मिस्टर मित्तराँ म्हणणार. मित्तराँ म्हणाले, 'अगदी बरोबर आहे तुमचं, पंतप्रधान महोदय.' आपल्याकडे भर चर्चेत समोरच्याला मुद्दाम 'अहो बाळ' किंवा 'ताई, तुम्ही नवीन आहात' म्हणतात ना, तीच जात, फक्त फ्रेंचांचं जरा इस्त्री केलेलं.

राळ उडवणं मी शिकवत नाही, पण ओळखायला शिकवतो. एका मिनिटात सात आरोप करायचे, त्यातला एक खोडायला समोरच्याला दोन मिनिटं लागतात, बाकीचे सहा हवेत राहतात. यावर उपाय एकच, सगळ्यात पोकळ आरोप निवडा, तेवढाच फोडा आणि म्हणा बाकीचे पण याच दुकानातले आहेत. मध्ये मध्ये तोडणं हे राळेचंच भावंड. 29 सप्टेंबर 2020 ला क्लीव्हलँडमध्ये ट्रम्पनी इतकं तोडलं की बायडन वैतागून 'गप्प बसता का जरा' म्हणाले, आणि पुढच्या नॅशव्हिलच्या डिबेटला प्रत्येक विषयाच्या पहिल्या दोन मिनिटांसाठी समोरच्याचा माईक बंद ठेवायची पाळी आली. माईक बंद करायची सोय आमच्या पीसीआरमध्ये पण होती, एक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, खाली ओढायचा, बस. ओढायचो नाही, कारण भांडण लागलं की प्रेक्षक चॅनेल बदलत नाही. यात नेत्यांइतकाच आमचाही हात आहे, हे कबूल करून टाकतो.

जाता जाता, 2019 ला राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' करून सभा गाजवल्या, समोरच्याचंच जुनं बोलणं त्याच्यापुढे टाकायचं. वक्तृत्वाचा पक्का डाव आहे. पण अमेरिकेच्या डिबेटमध्ये बाहेरून काही आणता येत नाही, साधा कागदसुद्धा नाही, कोरं पॅड आणि पेन मिळतं. स्क्रीन आपला असेल तरच तो डाव खेळता येतो.

राहिलं काय बघायचं ते. 15 ऑक्टोबर 1992 ची रिचमंडची डिबेट काढ, अध्यक्ष बुश, क्लिंटन आणि अपक्ष पेरो, समोर साधी माणसं बसलेली आणि प्रश्नही तेच विचारणार. एक बाई उभी राहते आणि विचारते की देशावरच्या कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, आणि झाला नसेल तर आमच्या अडचणींवर तुम्ही उपाय कसा शोधणार. आधी आवाज बंद करून बघ. तिचा प्रश्न सुरू होतो आणि बुश मनगटावरचं घड्याळ बघतात. मग आवाज लावून ऐक. बुश व्याजदराबद्दल बोलायला लागतात, मग म्हणतात मला प्रश्न नीट कळला नाही बहुतेक. वास्तविक ती चुकीचा शब्द वापरत होती, तिला म्हणायचं होतं मंदी, नोकऱ्या. बुश तिच्या शब्दाला उत्तर द्यायला गेले. क्लिंटन स्टूलवरून उठतात, चालत तिच्या जवळ जातात आणि उत्तर द्यायच्या आधी उलट तिलाच विचारतात, तुमच्यावर कसा परिणाम झाला ते सांगा ना पुन्हा, नोकरी गेलेली, घर गेलेली माणसं ओळखीची आहेत ना तुमच्या. ती मान हलवते. मग ते आपल्या छोट्या राज्यातल्या माणसांबद्दल बोलतात, कारखाना बंद पडला तर मला ती माणसं नावाने माहिती असतात, असं. कर्जाच्या आकड्याला हातसुद्धा लावत नाहीत, म्हणजे बघायला गेलं तर बगल त्यांनी पण दिली आणि बुशपेक्षा मोठी दिली, फक्त ती तिच्या दिशेने दिली. बोलणं चालू असताना त्या बाईकडे बघ, ती किती वेळा मान हलवते ते मोज, आणि मागे बुश कुठे उभे आहेत तेही बघून ठेव. प्रोजेक्टला तेवढी चार मिनिटं पुरतील तुला.